मोरपिसांवरची स्वारी

सावरटेकडीच्या डोमाजीची जीभ त्याच्या बैलांच्या एक कोस पुढे चाले. बैल अजून घाटात घाम गाळत असत, तेव्हा जीभ आदिलाबादच्या कापूस बाजारात पोचून चहा पीत असे. पैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा त्याच्या आजानं काठावर बसून नुसता गुडघा आडवा टाकला आणि पाणी अडवलं, आणि त्या गुडघ्याला चिकटलेले मासे गावाला महिनाभर पुरले, असं तो शपथेवर सांगायचा. त्याला कोणी खोटारडा म्हणत नसे. डोमाजी बोलायला लागला की निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेलं हसून घ्यायचं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळत होतं. अडचण एवढीच, की हे फक्त त्या मुलखातच कळत होतं.

सत्याऐंशी सालची दिवाळी तोंडावर आली होती. पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन डोमाजी बाजारात आला, तर बैलबंड्यांची रांग रेल्वे फाटकाच्याही पलीकडे गेलेली आणि लिलावाचा पत्ता नाही. बंडीवाले कंटाळून हॉटेलात बसले. कोणीतरी म्हणालं, डोमाजी, काही तरी सोड ना बे. डोमाजीनं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि डोंगरापल्याडची एक टोळी सोडली.

ही टोळी म्हणे वर्षातून एकदाच डोंगर उतरते. डोक्यावर मोरांचा अख्खा थवा उगवलेला, कानाशी शिंगं, अंगाला राख, खांद्यावर हरणाचं कातडं, हातात सोटा. उतरल्या दिवसापासून अंगाला पाणी लावत नाहीत. ज्या गावात शिरतील तिथलं शेवटचा वडा संपेपर्यंत हलत नाहीत. आणि ओरडले की पार बेल्लमपल्लीच्या खाणीत, जमिनीखाली, मजुरांच्या डब्यातली भाजी नासते.

बंडीवाले पोट धरून हसत होते, कारण भाजी सोडली तर यातलं सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या गुड्यांमधून, म्हणजे वाड्यांमधून, दंडारी निघते. नाचणाऱ्यांचा ताफा एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो, आणि त्या ताफ्यातले घुसाडी मोरपिसांचे मोठाले टोप घालून, राख फासून, लोकांची टवाळी करत फिरतात. डोमाजी तर लहानपणापासून दर दिवाळीला मोवाडगुड्याच्या जंगू पटेलाच्या अंगणात त्यांच्याच पंगतीला जेवत आला होता. जंगू पटेल म्हणजे त्या गुड्याचा प्रमुख आणि डोमाजीचा लंगोटीयार.

फक्त शेजारच्या बाकावरचा एक माणूस हसत नव्हता. तो होता हवालदार अप्पलस्वामी, समुद्राकाठचा, जिल्ह्यात नवा. त्यानं ही गोष्ट चहाबरोबर जशीच्या तशी गिळली आणि धावत जाऊन आपल्या कप्तानापुढे ओकली.

सरहद्द राखीव पलटण नावाची एक तुकडी तेव्हा शहराबाहेर तंबू ठोकून बसली होती. कशासाठी, ते तुकडीलाही सांगितलेलं नव्हतं. तिचे कप्तान नरसिंहमूर्ती हे मोठे दुःखी गृहस्थ. त्यांचे आजोबा वायव्य सरहद्दीवर टोळ्यांशी लढले होते, वडील ईशान्येच्या डोंगरात लढले होते, आणि यांच्या वाट्याला आल्या जत्रा, निवडणुका आणि सिनेमाच्या खिडकीपुढच्या रांगा. घरी दिवाणखान्यात आजोबांची तलवार, तिच्याखाली वडिलांचं पदक, आणि त्याखाली एक रिकामा खिळा. तो खिळा कप्तानांना झोपू देत नसे. हवालदाराची बातमी ऐकली आणि त्यांच्या मिशा अशा ताठ झाल्या, की अर्दलीनं त्यांवर ओला टॉवेल वाळत घातला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी पलटणीची जीप सावरटेकडीत, डोमाजीच्या दारात उभी राहिली. कप्तानांनी हैदराबादी हिंदीत विचारलं, वो कबीला किधर रहता.  कप्तान म्हणाले, आज पायथ्याशी तळ, उद्या डोंगरावर स्वारी, तू वाटाड्या, आणि मोराचं पीस दिसलं की गोळी. मोरपिसांखाली कोण कोण असतं ते डोमाजीला नावानिशी ठाऊक होतं. यंदा त्यांत जंगू पटेलाचा थोरला मुलगा मोतीराम होता, जो डोमाजीच्या मांडीवर खेळून मोठा झाला होता.

मग डोमाजीनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तो खरं बोलला. साहेब, ते नाचणारे लोकं आहेत, टोळीगिळी काही नाही, मी बाजारात गंमत करून राह्यलो होतो, असं त्यानं हात जोडून सांगितलं. कप्तानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बिचाऱ्याला टोळीनं किती धमकावलं असेल, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. भिऊ नको, ते म्हणाले, आणि तयारीला अर्धा तास दिला.

डोमाजी घरात आला. तुळजाबाई, त्याची बायको, दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. ती शांतपणे टोपलीत झेंडू भरत होती. दर दिवाळीला त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, झेंडू जंगूच्या घरी जायचाच.

"लबाडी सांगता तवा तुमचं दुनिया आयकते," ती म्हणाली. "खरं सांगता तवा कुत्रंबी थांबत नाही."

"मंग मी करू काय? त्या पोराच्या छातीत गोळी घुसन ना वो."

"तुमच्या जिभेले जे येते तेच करा. लबाडच सांगा. पण या बार अशी सांगा का माणसं वाचतील." आणि तिनं झेंडूची टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली.

रात्री डोंगराच्या पायथ्याशी तळ पडला. जंगूला निरोप धाडायची सोय नव्हती. अप्पलस्वामीनं वाटाड्याच्या संरक्षणासाठी त्याचा पाय आपल्या खाटेला बांधून ठेवला होता. डोमाजी झेंडूच्या टोपलीला टेकून पडला. आजवर त्याच्या गोष्टी तोंडातून आपोआप पडत आल्या होत्या. जाणूनबुजून, कामासाठी गोष्ट रचायची म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं. सकाळी नाकात झेंडूचा वास घेऊन तो उठला तेव्हा मात्र गोष्ट तयार होती.

चहाच्या वेळी तो कप्तानांजवळ जाऊन उकिडवा बसला आणि इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाला की टोळीचं एक मर्म आहे, ते सरकारी माणसाला आजवर कोणी सांगितलं नाही. कप्तानांनी कप खाली ठेवला. डोमाजी सांगू लागला. निजामाची एक अख्खी फौज याच डोंगरात शिरली होती, तोफा घेऊन, हत्तींवर बसून. टोळीनं हत्ती तेवढे ठेवून घेतले. मग निजामाच्या एका हुशार सुभेदाराच्या ध्यानात आलं, की ही टोळी सगळ्यांवर तुटून पडते, पण वाजतगाजत, एका रांगेत, हत्यारांची तोंडं खाली करून आणि हत्यारांना झेंडू बांधून जो येतो त्याला ती आपला सोयरा समजते. त्याच्या केसालाही धक्का लावत नाही. उलट त्याला थेट आपल्या सरदाराच्या अंगणात नेऊन बसवते. तिथून पुढं साहेबांच्या मनात येईल ते.

कप्तानांचे डोळे चमकले. आजोबांनीही एकदा पठाणी वेष घालून एक गढी घेतली होती. त्यांनी ताबडतोब हुकूम सोडला. अप्पलस्वामी कुरकुरला, पण थोड्याच वेळात अख्खी पलटण मांडी घालून बसली आणि सुतळीत झेंडू ओवू लागली. उरलेली फुलं डोमाजीनं स्वतः बंदुकांच्या नळ्यांत ठासली, वास टिकायला हवा म्हणून. एका शिपायाला गजरे बांधण्याचा चांगला हात होता, तो घरी बहिणींना मदत करायचा म्हणे. बिगुलवाल्यानं बिगुलालाही माळ घातली. अशी ती स्वारी डोंगर चढायला लागली तेव्हा झाडावरची वानरं फांद्या हलवायची विसरली आणि एक म्हातारं वानर तर हात जोडून उभं राहिलं.

मोवाडगुड्याच्या अलीकडे एक ओढा लागतो. तिथं डोमाजी थबकला. कप्तानांना त्यानं सोयरं बनवलं होतं, पण पलीकडच्यांना हे कोण सांगणार? घुसाडी पाहुण्यांना वाटेत गाठतात, त्यांची थट्टा करतात, काही तरी हिसकावतात, तशी चालच आहे. आणि अप्पलस्वामीचं बोट बंदुकीच्या घोड्यावरून हलत नव्हतं.

त्याला भीती होती तेच झालं. पळसाच्या झुडपामागून राख फासलेला, शिंगं लावलेला, डोक्यावर बंडीच्या चाकाएवढा मोरपिसांचा टोप घेतलेला एक घुसाडी टुणकन उडी मारून वाटेत आला. त्यानं कप्तानांभोवती एक गिरकी घेतली, त्यांच्या डोक्यावरची टोपी उचलली, आपल्या टोपावर ठेवली आणि कडक सलाम ठोकला. चालीवरून डोमाजीनं ओळखलं, हा मोतीराम. अप्पलस्वामीची बंदूक वर आली. नळीतून झेंडू डोकावत होता, पण झेंडूमागे गोळीच होती. डोमाजी दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि त्याला इतकंच आठवलं, की आजाचा गुडघा नदी अडवायला पुरला होता, आपलं पोट एक गोळी अडवायला पुरावं.

बिगुलवाला पोरगा घाबरला होता. हल्ल्याचा बिगुल वाजवायचा, हे त्याला कळत होतं. पण भीतीनं सगळे सूर पळून गेले आणि जो रोज तीनदा वाजवायची सवय होती तोच ओठांवर आला. त्यानं जेवणाचा बिगुल वाजवला.

अप्पलस्वामीनं वीस वर्षं हा बिगुल ऐकला होता. त्याच्या डोक्याला काही कळायच्या आत हातांनी बंदूक खांद्याला लटकवली, बूट जुळले आणि जीभ ओठांवरून फिरली. सगळ्या पलटणीचं तसंच झालं. आणि त्याच क्षणी गुड्याकडून उत्तर आलं: ढोल, तुडुम आणि लांबलचक शिंग, सगळं एकदम. पाहुण्यांनी वाजवलं होतं, तेव्हा यजमानांनी वाजवायलाच हवं.

जंगू पटेल पाण्याचा तांब्या घेऊन वेशीवर उभा होता. मागे सगळा गुडा. त्यानं बूट पाहिले, खाकी पाहिली, बंदुकांवरच्या झेंडूच्या माळा पाहिल्या, मग रांगेच्या पुढं उभ्या असलेल्या डोमाजीचा पांढराफटक चेहरा पाहिला. आयुष्यभर त्यानं या माणसाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्याची कारागिरी तो दुरून ओळखायचा. तो जराही हसला नाही. खाली वाकून त्यानं कप्तानांच्या बुटांवर पाणी घातलं आणि दंडारीच्या पाहुण्यांना विचारतात तेच विचारलं.

"पाहुणे किती देवाचे?"

डोमाजीनं कप्तानांना समजावलं. या लोकांत कोणाची घराणी चार देवांची, कोणाची पाच, कोणाची सहा, कोणाची सात. आपल्याहून वेगळ्या देवसंख्येचा तो सोयरा. उत्तर दिल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. कप्तान विचारात पडले. ते धार्मिक गृहस्थ होते, एकाही देवाला नाराज करणं त्यांना परवडणारं नव्हतं.

"तैंतीस करोड," ते म्हणाले.

 मग मागून एका म्हातारीला हसू फुटलं, आणि ते हसू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात उड्या मारत पार शेवटच्या घरापर्यंत गेलं. जंगूनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"आमच्यात सातच्या वर कोणी नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हंजे पाहुणे सगळ्याच घरांचे सोयरे झाले. आता एकाच घरी जेवून जमणार नाही."

पुढचं चालीप्रमाणं झालं. पाहुण्यांच्या ताफ्याची वाद्यं आणि काठ्या हातात राहू द्यायच्या नसतात. त्या मानानं उतरवून घ्यायच्या आणि अंगणात मांडून पुजायच्या. बाया पुढं आल्या. तुकडीतल्या एकेका शिपायापुढं एकेक आजी उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून थांबली. हत्यार सोडू नये असं पलटणीत शिकवलेलं होतं, पण पदर पसरून उभ्या असलेल्या आजीला नाही कसं म्हणायचं, ते कोणी शिकवलेलं नव्हतं. बघता बघता सगळ्या बंदुका ढोलांच्या आणि मोरपिसांच्या टोपांच्या शेजारी घोंगडीवर जाऊन निजल्या, त्यांना हळदकुंकू लागलं, आणि अप्पलस्वामीच्या बंदुकीपुढं कोणी तरी नारळही फोडला.

डोमाजीनं आदल्या दिवसापासून कोंडलेला श्वास तेव्हा सोडला. त्या वाऱ्यानं चार पत्रावळ्या उडाल्या.

मग नाच. पाहुण्यांनी आधी नाचल्याशिवाय पान वाढत नाहीत, म्हणून जंगूनं कप्तानांना हात धरून मधे ओढलं. कप्तानांना नाच येत नव्हता. अप्पलस्वामीनं प्रसंग ओळखला आणि परेडचा हुकूम दिला: दायाँ, बायाँ, दायाँ, बायाँ. ढोलवाल्यानं तो ताल उचलला, त्यात एक गिरकी टाकली, पुढच्या वेळी दोन, आणि पलटण त्या गिरक्यांमागून नकळत वाहत गेली. ऊन कलेपर्यंत परेड चालली. सगळ्यात उंच उडी अप्पलस्वामीची होती. तो वर गेला तेव्हा त्याला गोदावरी आणि बासरच्या देवळाचा कळस दिसला, असं तो खाली आल्यावर म्हणाला.

जेवणं झाली. भाकरी, बरबटीची म्हणजे चवळीची उसळ, उडदाचे वडे. एका घरी उठावं तर दुसऱ्या घरचं पान तयार. तेवढ्यात टोपी पळवणारा घुसाडी कप्तानांच्या पंगतीला येऊन बसला. टोप पूजेला उतरवलेला होताच; त्यानं खोटी दाढी हनुवटीखाली ओढली आणि वडा तोंडात टाकला. कप्तान त्याच्याकडे पाहत राहिले. हा चेहरा त्यांनी पाहिला होता. मागच्या आठवड्यात जीप बंद पडली तेव्हा आदिलाबादच्या बसमध्ये याच माणसानं त्यांना मागच्या सीटवरून उठवून पुढं जागा करून दिली होती. मोतीराम बारा महिने बसचा कंडक्टर होता, दिवाळीपुरता घुसाडी.

"सीट बराबर था ना, साब?" त्यानं विचारलं.

कप्तान उठले, हात धुतले आणि डोमाजीला खुणेनं मोहाच्या झाडाखाली बोलावलं. डोमाजीला कळलं, आता आपली पाळी. बंदुका निजलेल्या होत्या, पोरं हसत होती, मोतीराम जिवंत होता. आता त्याला बेड्या पडल्या तरी तुळजाबाई म्हणेल ते ऐकून घ्यायची त्याची तयारी होती.

कप्तान गुड्याकडे पाहत होते. एक शिपाई आजीचं दळण दळून देत होता. बिगुलवाला पोरगा शिंग फुंकायला शिकत होता आणि शिंग फुंकणारा बिगुल.

"अब मैं ऊपर क्या बोलूँ?" त्यांनी शेवटी विचारलं. वरिष्ठांना काय कळवायचं, ते वायरलेसवाला सकाळपासून विचारत होता.

डोमाजीला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग त्याची जीभ एक कोस पुढं गेली. कप्तानांनी ऐकलं, एकदा मिशीतल्या मिशीत हसले, आणि वायरलेस हातात घेऊन कडक आवाजात कळवलं: टोळी गाठली. मोर्चा दिवसभर चालला. टोळीनं सोटे खाली ठेवले. संबंध आता घरोब्याचे. आमची हानी, एक टोपी.

सूर्य टेकायला आला तसे पाहुणे निघाले. जंगू आडवा आला. अजून एक चाल राहिली होती, तो म्हणाला. पाहुण्यांची पुजलेली वाद्यं न वाजवता नेत नाहीत. बिगुल वाजला, ते ठीक. पण ही एवढी मोठाली वाद्यं, तो घोंगडीवरच्या बंदुकांकडे बोट दाखवत म्हणाला, ती तर मुकीच राहिली.

 एकही बार उडू नये म्हणून डोमाजीनं हा सगळा खटाटोप केला होता. पण कप्तान ताठ उभे राहिले. त्यांनी पलटणीला रांगेत लावलं, नळ्या आभाळाकडे करायला लावल्या आणि हुकूम दिला.

एकच आवाज झाला. नळ्यांत ठासलेला झेंडू आभाळात गेला, तिथं क्षणभर सूर्याला झाकून राहिला आणि मग पाकळ्या पाकळ्या होऊन खाली आला: घुसाडींच्या टोपांवर, आज्यांच्या पदरावर, कप्तानांच्या बोडक्या डोक्यावर. डोंगरातले खरेखुरे मोर ओरडायला लागले, ते थांबेनात. डोमाजी एवढा वेळ उभा होता, तो मटकन खाली बसला. जंगू त्याच्या शेजारी येऊन बसला.

"काऊन बे, या बार कोण्या गावाची टोळी सांगून आला?" त्यानं विचारलं.

"तुयाच," डोमाजी म्हणाला. मग दोघं इतके हसले, की कप्तानांना पुन्हा निरोप घ्यायला यावं लागलं.

वरच्या लोकांना बातमी पसंत पडली. टोळी शांत आहे पण दर दिवाळीला तिच्याकडे एक स्वारी काढणं जरूर आहे, असं कप्तानांनीच कळवलं होतं. म्हणून पुढं पाच वर्षं पलटण दर दिवाळीला झेंडू बांधून डोंगर चढली. तुळजाबाईनं त्यासाठी धुऱ्यावर झेंडूची आणखी एक ओळ वाढवली. कप्तानांच्या दिवाणखान्यातल्या खिळ्यावर मोरपिसांचा टोप लटकला. त्यांची टोपी मात्र कधी परत आली नाही. मोतीराम ती सणाला टोपावर घाली.

आणि डोमाजी? त्या पहिल्या स्वारीनंतरच्या वेचणीला तो बाजारात आला, बंडी रांगेत लावली, हॉटेलात शिरला. बाक भरलेले होते. मधल्या बाकावर उभा राहून हवालदार अप्पलस्वामी मोडक्यातोडक्या मराठीत डोंगरावरच्या लढाईची गोष्ट सांगत होता. टोळीची माणसं ताडाएवढी होती. ओढ्याला रक्ताचा पूर आला होता, आणि त्यानं स्वतः गुडघा टाकून तो अडवला होता.

बंडीवाल्यांनी वळून डोमाजीकडे पाहिलं. हा तर तिथं होता, यालाच विचारा, कोणी तरी म्हणालं.

डोमाजीनं बशीत चहा ओतला, एक फुरका मारला आणि हवालदाराकडे अदबीनं मान झुकवली.

"बरोबर सांगून राह्यले हवालदारसाब," तो म्हणाला. "फक्त गुडघा डावा होता."